बुडत्याच्या मुठीतली काडी : मृत्युक्षणीच ताठलेला हात कसा पाहावा, कसा नोंदवावा

दोन शब्द मला फार महागात पडले. ‘मूठ मिटलेली.’

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एक बंद चिरेखाण, जुलै महिना, पाणी काठोकाठ. अग्निशामक दलाच्या जवानांनी त्या मुलाला वर काढलं तेव्हा तो बुडून तासभरच झाला होता. सोबत पोहायला आलेल्या दोघांनी धावत जाऊन वाड्यावर सांगितलं होतं, त्यामुळे वेळ पक्की होती. मान लोंबत होती, जबडा सैल होता, डावा हात पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडला होता. उजवी मूठ मात्र घट्ट. बोटांच्या फटींतून हिरवं शेवाळ आणि लव्हाळ्याची दोन-तीन पाती बाहेर आलेली. चुलत्याने त्या हातातली चांदीची अंगठी मागितली. मी पोलिसांत नवा, समोर रडारड, वरून पाऊस. अंगठी काढायची म्हणून मी मूठ उघडायला गेलो. एकेक बोट सोडवायला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. शेवाळ चिऱ्यांवर पडलं, पावसाने वाहून गेलं. पंचनाम्यात मी लिहिलं : उजव्या हाताची मूठ मिटलेली.

तीन महिन्यांनी आईची तक्रार आली. दोघांनी दारू पाजून बेशुद्ध केलं आणि पाण्यात लोटलं, असं तिचं म्हणणं. शवविच्छेदनात नाकातोंडाशी बारीक, चिवट, पांढरा फेस होता, म्हणजे पाण्यात गेला तेव्हा श्वास चालू होता. पण शुद्धीत होता का? त्याचं उत्तर त्या मुठीत होतं, आणि ती मीच उघडून बसलो होतो. डॉक्टरांपुढे आला तो उघडा तळवा. ती दोन मुलं पुढे बराच काळ संशयाखाली वावरली.

पुढच्या नोकरीत हा विषय मी डॉक्टरांच्या मागे लागून शिकून घेतला. नव्याने रुजू झालेले उपनिरीक्षक, पंच म्हणून सही करायला बोलावलेले गावकरी, फौजदारी वकील आणि गुन्हेवार्ता लिहिणारे पत्रकार यांच्यासाठी तो इथे मांडतोय. (गोव्यात ‘पंच’ म्हटलं की पंचायतीचा सदस्य डोळ्यांपुढे येतो. इथे पंच म्हणजे पंचनाम्याचा. कधीकधी दोन्ही एकच माणूस असतो, ते सोडा.)

आधी नेहमीचा ताठा

मेल्यावर शरीर लगेच ताठत नाही. आधी सगळं सैल पडतं. जबडा उघडा पडतो, हातातली वस्तू गळते. स्नायूंमध्ये ॲक्टिन आणि मायोसिन नावाचे प्रथिनांचे तंतू एकमेकांत अडकून ओढतात, आणि ती अडकलेली पकड सुटायला एटीपी हे इंधन लागतं. आपल्याला वाटतं स्नायू आवळायलाच ताकद लागते, पण सैल सोडायलाही लागतेच. श्वास थांबला की एटीपी नव्याने बनत नाही. शिल्लक साठा संपत आला की तंतू अडकतात ते अडकूनच राहतात. हा रायगर मॉर्टिस, मरणोत्तर ताठा. पुढे प्रथिनंच कुजू लागली की तो आपोआप उतरतो.

आपल्याकडच्या हवेत साधारण दोन-तीन तासांत हा ताठा जाणवू लागतो, बारा तासांच्या आसपास अंगभर पसरतो, पुढचे बारा तास टिकतो आणि त्यापुढच्या बारा तासांत उतरतो. हा बाराचा पाढा सगळ्यांना पाठ असतो, पण तो पाढाच आहे, घड्याळ नव्हे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडलेल्या देहात सगळं लवकर उरकतं. लहान मूल, खंगलेला म्हातारा यांच्यात ताठा लवकर येतो, दुबळा असतो आणि लवकर जातो.

या लेखापुरतं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा क्रम. पापण्या, जबडा, मान, चेहरा, मग हात, धड, पाय, आणि सगळ्यात शेवटी हातापायांची बोटं. फ्रान्सच्या निस्टेन या डॉक्टराने 1811 मध्ये हा वरून खाली जाणारा क्रम मांडला, म्हणून त्याला निस्टेनचा नियम म्हणतात. बोटं शेवटी, एवढं डोक्यात ठेवा. पुढचं बरंचसं त्यावरच उभं आहे.

आणि हा दुसरा

क्वचित, फारच क्वचित, मधली सैल पडण्याची पायरीच येत नाही. मरणाच्या क्षणी जो स्नायू जोराने आवळलेला होता तो तसाच राहतो आणि त्यातूनच पुढे नेहमीच्या ताठ्यात मिसळून जातो. डॉक्टर याला कॅडॅव्हरिक स्पॅझम म्हणतात. मी मराठीत ‘मृत्युक्षणीचा ताठा’ म्हणतो. तो आपल्या इच्छेने हलणाऱ्या स्नायूंतच दिसतो आणि बहुतेकदा एखाद्याच गटात, म्हणजे प्रामुख्याने हातात. सगळं शरीर जागच्या जागी गोठल्याच्या हकिकती आहेत, पण त्या बहुतेक रणांगणावरच्या. 1854 च्या बालाक्लाव्हाच्या लढाईत कॅप्टन नोलन तोफगोळ्याच्या तुकड्याने मेला, तरी त्याचा उगारलेला हात तसाच वर राहिला आणि घोडा त्याला तशा अवस्थेत मागे घेऊन आला, असं सांगतात.

हा ताठा आढळल्याची जी उदाहरणं दिली जातात त्यांत काही गोष्टी सारख्या दिसतात : मरण अचानक आलेलं, त्या क्षणी पराकोटीची भीती किंवा झटापट, स्नायू थकलेले, किंवा मेंदूला थेट इजा. असं का होतं याचं सर्वमान्य उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही. 2013 साली एका न्यायवैद्यक नियतकालिकात दोघा तज्ज्ञांनी तर ही सगळी कल्पनाच मिथक आहे असं लिहिलं. वकिलांनी हे लक्षात ठेवावं आणि पोलिसांनी त्याहून जास्त, कारण उलटतपासणीत हाच दगड आधी पडतो. माझं मत विचाराल तर मी त्या खाणीवर जे बोटांनी अनुभवलं ते विसरू शकत नाही. तरीही नोकरीभरात पाहिलेल्या शेकडो ‘आवळलेल्या’ मुठींपैकी दोन किंवा तीनच अशा होत्या, ज्यांच्याबद्दल मी छातीवर हात ठेवून बोलेन. बाकीचा सगळा नेहमीचा ताठा होता.

शब्द आधी नीट करा

गोव्यात पोलिसांचे कागद इंग्रजीत, बोलणं कोकणीत, आणि पेडणे-डिचोली-सत्तरीकडच्या आमच्यासारख्यांचा विचार मराठीत. या भाषांतराच्या धबडग्यात मुठीचा जीव जातो. मराठीत आपल्याकडे सुरेख फरक आहेत. बोटं वळलेली, मूठ मिटलेली, मूठ आवळलेली, वस्तू बोटांत अडकलेली, वस्तू मुठीत धरलेली. या पाच वेगळ्या अवस्था आहेत आणि इंग्रजी पंचनाम्यात त्या सगळ्यांचं ‘फिस्ट क्लोज्ड’ होतं.

बोटं वळलेली असणं ही तर विश्रांतीची अवस्था. झोपलेल्या माणसाची बोटं पाहा, अर्धवट आत वळलेलीच असतात. त्याच अवस्थेत ताठा चढला की मूठ मिटल्यासारखी दिसते. आवळलेल्या मुठीत बोटांची टोकं तळव्यात रुततात, नखांच्या चंद्रकोरी उमटतात, अंगठा बोटांवरून आडवा बसतो. असं दिसलं तर तसंच लिहा. ‘कॅडॅव्हरिक स्पॅझम आढळला’ असं मात्र पोलिसाने कधीच लिहू नये. तो निष्कर्ष आहे, आणि तो काढणं डॉक्टरांचं काम.

जागेवर : हात लावण्याआधी

पहिली नोंद घड्याळाची. देह किती वाजता दिसला, तुम्ही किती वाजता पोचलात, शेवटचं जिवंत कोणी आणि कधी पाहिलं. दुसरी नोंद, तुमच्याआधी देहाला कोणी कोणी हात लावला. किनाऱ्यावर जीवरक्षकांनी छाती दाबून पाहिलेली असते, खाणीत जवानांनी हाताला धरून ओढलेलं असतं, घरात शेजाऱ्यांनी हातपाय सरळ केलेले असतात. हे महत्त्वाचं का? पूर्ण चढलेला ताठा जोर लावून मोडला की पुन्हा येत नाही, आणि चढत असताना मोडला तर थोडाच परततो. म्हणजे एक हात ताठ आणि एक सैल, एवढ्यावरून तुम्ही मोठा निष्कर्ष काढाल, आणि खरं कारण असेल कुणीतरी मायेने सरळ केलेलं मनगट.

मग फोटो. देह आणि भोवतालची जागा, मग कमरेपासून वर, मग दोन्ही हात. एकच हात नव्हे, दोन्ही. सैल हातच आवळलेल्या हाताचा साक्षीदार असतो. मुठीचे फोटो चार बाजूंनी घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि बोटांच्या फटींतून जे दिसतं त्याचा जवळून एक घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) 105 व्या कलमाने वस्तू ताब्यात घेतानाचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. ते नुसतं कायद्यापुरतं करू नका. मूठ नंतर कधी ना कधी उघडणारच, तेव्हा ती मुळात कशी होती हे सांगायला फक्त हे चित्रीकरण उरतं.

ताठा चाचपायचा कसा

हे काम खरं तर डॉक्टरांचं, पण डॉक्टरांपर्यंत देह पोचायला चार-पाच तास जातात आणि तोवर पुरावा बदलतो. म्हणून जागेवरच, हातमोजे घालून, अगदी हलक्या हाताने एवढं पाहा. हनुवटीला दोन बोटं लावून जबडा हलतो का. डोक्याखाली हात घालून मान वळते का. मग कोपर, गुडघा. प्रत्येक सांध्यापुढे तीनच शब्द : सैल, अर्धवट, ताठ. आणि वेळ.

मुठीच्या बाबतीत करंगळीच्या टोकाला खालून किंचित उचल द्या. हलली तर हलली. नाही हलली तर तिथेच थांबा.

आता नोंद वाचा. जबडा ताठ, मान ताठ, कोपर ताठ, बोटंही ताठ : नेहमीचा ताठा अंगभर पसरलेला, मुठीवरून काहीच सांगता येत नाही. मृत्युक्षणी आवळली असेल किंवा नसेलही, ती खिडकी बंद झाली. जबडा सैल, मान सैल, कोपर सैल, पण मूठ लोखंडासारखी : आता थांबून विचार करा. जी बोटं सगळ्यांच्या शेवटी ताठायला हवीत ती सगळ्यांच्या आधी ताठली आहेत. क्रमच मोडलाय. माझ्या त्या खाणीवर अगदी हेच होतं, फक्त ते वाचायची अक्कल तेव्हा नव्हती.

उलटा घोळही होतो. चोवीस तासांनंतर ताठा वरून उतरू लागतो, जबडा सैल होतो आणि बोटं अजून ताठ असतात. चित्र तेच, अर्थ पूर्ण वेगळा. म्हणून सांध्यांची नोंद एकटी वाचू नका. खालच्या बाजूला रक्त उतरून पडणारे जांभळट डाग पाहा. ते अर्ध्या-एक तासात ठिपक्यांसारखे दिसू लागतात, चारेक तासांत एकमेकांत मिसळतात आणि सहा ते बारा तासांत पक्के होतात. पक्का झालेला डाग बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. उजव्या कुशीत खाली हिरवट छटा असेल तर उन्हाळ्यात बारा-अठरा तास उलटून गेलेत. सैल जबडा आणि पक्के डाग म्हणजे ताठा उतरतोय. सैल जबडा, देह अजून ऊबदार आणि डाग नुकते दिसू लागलेले, म्हणजे ताठा अजून यायचाय.

झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण शवागाराच्या दारावर लावण्यासारखी आहे. जागेवर मूठ उघडायची नाही. अंगठीसाठी नाही, ठशांसाठी नाही, नातेवाइकांच्या आग्रहासाठी नाही. आत केस असतील, शर्टाचं बटण असेल, धाग्याचा तुकडा असेल, नखांत कुणाची कातडी असेल.

हाताला कागदी पिशवी घाला आणि मनगटाशी दोऱ्याने सैलसर बांधा. प्लास्टिक नको. गोव्याच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत तासाभरात घाम धरतो, रक्त पातळ होतं, बुरशी येते, डीएनए खराब होतो. पाण्यातून काढलेल्या देहाची अडचण अशी की कागद भिजून फाटतो. अशा वेळी एकात एक दोन कागदी पिशव्या, किंवा धुतलेली कोरी सुती पिशवी. पिशवीवर डावा की उजवा हे लिहा. हसू नका, हे चुकतं.

मुठीत पिस्तूल किंवा बंदूक असेल तर गोष्ट वेगळी. ती भरलेली आहे असंच धरून चाला. बोट घोड्यावर असेल आणि मूठ जोर लावून उघडायला गेलात तर गोळी सुटू शकते. आधी नळीसमोरून सगळ्यांना बाजूला करा आणि शस्त्रं कळणाऱ्या माणसाला बोलवा. बारूदकणांचे नमुने घेईपर्यंत हात पुसू नका, ठसे घेऊ नका.

इन्क्वेस्ट म्हणजे मरणोत्तर पंचनामा आता संहितेच्या 194 व्या कलमाखाली होतो, दोन किंवा अधिक प्रतिष्ठित स्थानिकांसमोर. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 174 होतं. त्या स्थानिकांना मूठ दाखवा, त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात देह पाठवताना सोबतच्या पत्रात एक ओळ वेगळी टाका : उजवी मूठ आवळलेली, उघडलेली नाही, आत वनस्पतीसदृश वस्तू दिसते, अमुक वाजता जबडा व मान सैल होती. रोजच्या रेट्यात डॉक्टरांसमोर देह येतो तेव्हा ही ओळ त्यांचा हात थांबवते.

शवागारात

मूठ पांढऱ्या कोऱ्या कागदावर धरून उघडतात, करंगळीपासून एकेक बोट. जे पडतं ते कागदावर, जे चिकटलंय ते चिमट्याने. प्रत्येक गोष्टीची वेगळी कागदी पुडी, ओली असेल तर आधी सावलीत वाळवून. नखं कापून वेगळी, डाव्या-उजव्या हाताची वेगळी. मग सील, लेबल, सह्या, आणि वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे. जागेवरचं शेवाळ, गवत, वाळू यांचा नमुनाही सोबत जायला हवा. हे आमच्याकडे हमखास राहून जायचं. मुठीतलं गवत त्याच तळ्यातलं आहे हे दाखवायला तळ्यातलं गवत कुणी आणायचं?

मूठ काय सांगते, काय नाही

बुडत्याला काडीचा आधार असं आपण सहज म्हणून जातो. न्यायवैद्यकात ही म्हण अक्षरशः खरी ठरते. आवळलेल्या मुठीत तळाची वाळू, मुळासकट उपटलेलं गवत, बांधाची माती सापडली तर माणूस पाण्यात जिवंत आणि हातपाय मारण्याइतका शुद्धीत होता, याचा हा बळकट पुरावा. पण गवत मुठीत आहे की बोटांना गुंडाळलेलं? खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीच्या (पाणी सोडण्या-अडवण्याच्या झडपेच्या) दारातून वाहत आलेल्या देहाच्या बोटांत कसलंही शेवाळ अडकतं. गळाने ओढताना तळाचा कचरा हाताभोवती गुंडाळला जातो. मुळं तुटलेली आहेत का, नखांत माती आहे का, तळव्यात पात्यांचे वळ आहेत का, हे बघून ठरवायचं.

आणि एवढं सगळं जुळलं तरी माणूस पाण्यात कसा गेला हे मूठ सांगत नाही. पाय घसरला, स्वतः उडी मारली की कुणी ढकललं, तिन्हींत माणूस शेवटी काडी धरतोच. स्वतःहून उडी मारलेलाही शेवटच्या क्षणी हात मारतो. माझ्या खाणीवरच्या मुठीने बेशुद्धीचा आरोप खोडला असता, ढकलल्याचा खोडला नसता. एवढीच तिची ताकद, आणि तीही कमी नव्हती.

पाण्यात भिजून सुरकुतलेले तळवे याच्याशी गल्लत करू नका. तो फक्त पाण्यात राहिल्याचा परिणाम. मेल्यावर टाकलेल्या देहालाही तशा सुरकुत्या पडतात. देह फुगून वर आला असेल, आणि उन्हाळ्यात तो चोवीस तासांच्या आसपास येतो, तर ताठा कुठलाच उरलेला नसतो. तेव्हा मुठीच्या पकडीबद्दल बोलूच नका, फक्त मुठीत काय सापडलं ते नोंदवा.

हातात सुरा किंवा पिस्तूल घट्ट धरलेलं असलं की लगेच आत्महत्या ठरवून मोकळं होण्याची घाई होते. तत्त्व बरोबर आहे. मेल्यावर हातात ठेवलेलं शस्त्र नेहमीच्या ताठ्याने तेवढं आवळलं जात नाही, आणि मृत्युक्षणीची पकड नंतर कुणाला घडवता येत नाही. पण याचं उलट खरं नाही. पिस्तुलाने आत्महत्या केलेल्यांत शस्त्र हातातच राहिलेलं फार थोड्यांत सापडतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाचं होतं. त्यातही बऱ्याचदा माणूस बसलेला किंवा पडलेला असतो आणि शस्त्र नुसतं हातात टेकून राहतं, ती पकड नसतेच. म्हणजे शस्त्र हातात नाही म्हणून खून, हा तर्क सरळ चुकीचा. शस्त्र हातात आहे तेव्हा ते कसं आहे ते पाहा. त्या पकडीने ती जखम करता येते का? मुठीच्या आत, मुठीने झाकलेल्या भागावर रक्ताचे शिंतोडे आहेत का? आवळलेल्या हाताच्या आत शिंतोडे जात नाहीत. पातं आणि मनगट रक्ताने माखलेलं आणि दांड्यावर मात्र बोटांच्या आकाराच्या कोऱ्या जागा, हे खऱ्या पकडीचं चिन्ह. दांडाही सगळा माखलेला आणि त्यावर कोरडा हात, तर मुद्दाम ठेवलेलं असण्याची शंका घ्या.

झटापटीतल्या मृत्यूत मुठीत मारणाऱ्याचे केस, बटण, साडीचा काठ सापडू शकतो. त्याची किंमत ताठ्यावर अवलंबून नाही. वस्तू तिथे आहे हेच पुरेसं, ताठा खरा असला तर सोन्याहून पिवळं.

नकली ताठे

माझ्या पाहण्यात सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे लवकर आलेला नेहमीचा ताठा. मरण्यापूर्वी माणूस जिवाच्या आकांताने धावला असेल, आकडी आली असेल, अंगात खूप ताप असेल, तर एटीपी आधीच संपलेलं असतं आणि ताठा अर्ध्या तासाच्या आतही दिसतो. काजऱ्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन पोटात गेलं तर असेच झटके येतात. विजेचा धक्का बसलेला माणूस तार धरूनच मरतो, कारण प्रवाहाने बोटं आत ओढली जातात. ते प्रवाहाचं काम, मृत्युक्षणीच्या भीतीचं नव्हे. कैरी काढायला लोखंडी नळी घेऊन चढलेल्याच्या तळव्यात आधी भाजल्याची खूण शोधा. गळफासातही मुठी आवळलेल्या सापडणं नवं नाही.

जळालेल्या देहाचे हात मुष्टियोद्ध्यासारखे वर येतात, बोटं आत वळतात. उष्णतेने प्रथिनं गोठून स्नायू आखडतात, इतकंच. मेल्यावर जाळलेल्या देहाचेही हात असेच होतात. तिथे ‘स्वतःचा बचाव करत होता’ असं मी बातम्यांत अनेकदा वाचलंय. ते थांबवा.

शीतपेटीचा ताठा ही गोव्याची खास डोकेदुखी. मुलगा तारवटी, जहाज भर समुद्रात, यायला आठवडा लागणार. देह तोवर शीतपेटीत. थंडीने अंगातली चरबी घट्ट होते आणि सांधे कडक होतात, रायगर थांबून राहतो, बाहेर काढल्यावर पुन्हा चालू होतो. दुसऱ्यांदा शवविच्छेदनाची मागणी आली तर पेटीतला काळ तारखेवेळेसह कळवा, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांचा अंदाज चुकणारच.

आणि एक साधी गोष्ट, जी विचारायचीच राहते. पक्षाघाताने आखडलेला जुना हात. घरच्यांना विचारा, उजवा हात आधीपासून असा होता का?

कोर्टात

तज्ज्ञाचं मत भारतीय साक्ष अधिनियमाच्या 39 व्या कलमाखाली ग्राह्य आहे, पण ग्राह्य म्हणजे निर्णायक नव्हे. चांगले डॉक्टर ‘सुसंगत आहे’ एवढंच म्हणतात. त्यांना ‘सिद्ध होतं’ म्हणायला भाग पाडू नका. बचावाचा वकील पहिला प्रश्न विचारेल : तुम्ही पोचलात तेव्हा जबडा कसा होता? दुसरा : बोटं कोणी उघडली आणि किती वाजता? तिसरा : हा निव्वळ लवकर आलेला रायगर नाही कशावरून? पहिल्या दोहोंची उत्तरं तुमच्या वहीत हवीत. तिसऱ्याचं उत्तर डॉक्टर देतील, पण तुमच्या वहीतल्या पहिल्या दोन उत्तरांच्या आधारे.

पत्रकारांना एकच विनंती. ‘मृताच्या मुठीतील केसांनी खुनाला वाचा फोडली’ हा मथळा छापण्याआधी ते केस मृताचेच नाहीत ना, याचा अहवाल येऊ द्या.

देह घरी देताना

हे कुठल्या नियमावलीत नाही. मूठ उघडून, नमुने घेऊन झाले तरी बोटं बहुधा अर्धवट वळलेलीच राहतात. हिंदू घरात हात छातीवर जुळवायचे असतात, कॅथलिक घरात जोडलेल्या बोटांभोवती रुझार (जपमाळ) गुंडाळायचा असतो, आणि बोटं ऐकत नाहीत. नातेवाईक घाबरतात, काही अशुभ समजतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की हा ताठा दीडेक दिवसात आपोआप उतरतो, पेटीत ठेवलात तर उशिरा उतरेल, आणि जोर लावू नका. शवागारातले जुने कर्मचारी मनगट एका हातात धरून बोटांची मुळं बराच वेळ हळूहळू चोळतात आणि एकेक बोट सरळ करतात. त्यांना करू द्या. अंगठी तेव्हा काढा, पंचांसमोर, पावती करून.